पिवळी कॅसेट

जुन्या व्हिडिओ गेमच्या आठवणी कुणी लिहिल्या की मी मन लावून वाचते. परदेशातले लोक बहुतेक वेळा एकेका गेमबद्दल लिहितात. तो कोणत्या वाढदिवसाला मिळाला, खोक्यावर चित्र कोणतं होतं, आतल्या पुस्तिकेत काय काय सांगितलं होतं. वाचताना आनंद होतो, पण आमची गोष्ट वेगळी आहे हेही दर वेळी जाणवतं. वरूड तालुक्यातल्या आमच्या गावात मारिओ किंवा कॉन्ट्रा नावाची सुटी वस्तू कुणाच्याच घरी नव्हती. पिवळी कॅसेट होती. तिच्यावर '९९९९९९९ इन १' असं छापलेलं होतं आणि सगळे गेम तिच्यातच होते.

टीव्हीला जोडलेल्या गेमच्या डब्यात कॅसेट खोचून बटण दाबलं की आधी समुद्रकिनारा यायचा. वर पक्षी उडतायत, वाळूत दोघं जण बसलेत, मागे एक संथ धून, आणि त्यावर गेमच्या नावांची यादी. आमच्या घरात तोवर कुणीच समुद्र पाहिलेला नव्हता. टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट, त्यामुळे तो समुद्रही करडाच. पुढे खरा समुद्र पाहिला तेव्हा माझ्या कानात तीच धून वाजत होती.

यादी लाखांची असली तरी गेम मोजकेच. तोच कॉन्ट्रा चार-पाच नावांनी यायचा. एकात तीस जीव, एकात सुरुवातच थेट धबधब्यापासून. यादीत खाली खाली जात राहिलं की मघाचेच गेम परत यायचे. हे कळायला आम्हाला बराच काळ लागला, आणि त्या काळात रोज शाळेतून येताना वाटायचं की आज काहीतरी नवीन सापडेल.

डबा घरात आला तो २००० च्या आसपास, ज्या वर्षी संत्र्याच्या अंबिया बहाराला बरा भाव मिळाला त्या वर्षी. बाबा कामानिमित्त अमरावतीला गेले होते. येताना राजकमल चौकाजवळच्या एका दुकानातून तो घेऊन आले. आई म्हणाली, "पैसे आले म्हनून असे उडवाचे काय?" बाबा काही बोलले नाहीत. दादाने मागच्या बाजूची वायर टीव्हीच्या अँटेनाच्या जागी लावली आणि चॅनलचं बटण फिरवत बसला. मुंग्यामुंग्यांतून तो किनारा हळूहळू वर आला. आबाजी ओसरीवरून आत डोकावून म्हणाले, "हे कोन्तं गाव होय?"

तो डबा म्हणजे निंटेंडो या जपानी कंपनीच्या फॅमिकॉम या गेमयंत्राची नक्कल होती, हे मला खूप नंतर कळलं. मूळ फॅमिकॉम जपानमध्ये १५ जुलै १९८३ रोजी आला. मासायुकी उएमुरा नावाच्या अभियंत्याने आपल्या गटासोबत तो घडवला होता. त्याच्यात कामाची मेमरी फक्त २ किलोबाइट. आमचा डबा बंद पडला तेव्हा मोर्शीच्या टीव्हीवाल्या काकांनी तो आमच्यासमोर उघडला. आत जवळजवळ रिकामंच होतं. लहानशा पाटीवर एक काळा घट्ट थेंब, बस्स. उएमुरांच्या यंत्रातल्या वेगवेगळ्या चिपांचं काम त्या थेंबाखालची एकच चिप करत होती. काकांनी एक सुटलेली वायर डाखली आणि डबा पुन्हा चालू झाला. इतक्या कमी सामानात एवढं सगळं मावतं याचं मला तेव्हा जे नवल वाटलं, ते अजून ओसरलेलं नाही.

सुपर मारिओ ब्रदर्स १९८५ चा. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी रचलेला तो अख्खा गेम, बत्तीस टप्पे, कोजी कोंदो यांच्या धुनांसकट, ४० किलोबाइटमध्ये बसतो. आज शेतकरी मला पानांवरच्या रोगाचे फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवतात, त्यातला एकेक फोटो याहून मोठा असतो. जागा वाचवायला मारिओतले ढग आणि झुडपं एकाच आकृतीची केलीत, फक्त रंग बदललाय. आमच्या टीव्हीवर रंगच नव्हता, त्यामुळे हे गुपित आम्हाला पहिल्या दिवसापासून दिसत होतं. दादा म्हणायचा, "ढग खाली पडला पाय." मोठं करणारं मशरूम आणि जीव देणारं मशरूम मात्र आम्हाला वेगळं ओळखता यायचं नाही. दिसलं की पळत जाऊन घ्यायचं, एवढंच.

काही समजत नव्हतं, सांगणारं कुणी नव्हतं, पुस्तिका नव्हती. माझ्यासाठी त्या गेमचा गाभा हाच आहे. रणगाड्यांच्या गेममध्ये, म्हणजे १९८५ च्या बॅटल सिटीमध्ये, खाली मध्यभागी गरुडाची एक खूण असते आणि तिच्याभोवती विटांची भिंत. गरुड फुटला की खेळ संपला. कधीतरी पडद्यावर फावड्याचं चित्र येतं. ते घेतलं की भिंत थोडा वेळ पोलादी होते. आमच्या वाड्यात हा शोध शेजारच्या एका मुलीने लावला आणि दोन दिवसांत तो सगळ्या आळीला ठाऊक झाला. त्याच गेममध्ये आपला नकाशा आपण बनवायची सोय होती. विटा, पोलाद, पाणी, झाडं, बर्फ. मी तासन्‌तास त्यातच असायची. खाली नदी, नदीच्या अलीकडे संत्र्याची बाग, बागेत लपलेला रणगाडा. पाण्यावरून रणगाडा जात नाही पण गोळा जातो, हे कळल्यावर मी नदीची जागाच बदलली होती. नकाशा साठवून ठेवता यायचा नाही. डबा बंद झाला की सगळं गेलं. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा बनवायची, आणि दर वेळी बाग थोडी मोठी व्हायची.

डबा बंद व्हायचं मोठं कारण म्हणजे लाइन. त्या काळच्या लोडशेडिंगबद्दल विदर्भातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. खेड्यांत दिवसाला बारा-बारा तास वीज नसायची. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर टीव्ही लावला जायचा, पण तो क्रिकेटच्या मॅचसाठी. गेमसाठी तशी परवानगी मागायचीही सोय नव्हती. त्यामुळे मारिओ आम्ही घड्याळाशी बांधून खेळायचो. लाइन सहाला जाणार असेल तर साडेपाचला सुरू करून चालत नाही. मग वॉर्प झोन. पहिल्या जगाच्या दुसऱ्या टप्प्यात छताच्या विटांवरून पुढे चालत गेलं की तीन पाइप लागतात. त्यांतल्या एकातून सरळ चौथ्या जगात. तिथे दुसऱ्या टप्प्यात एका विटेतून वेल उगवते, तिच्यावरून वर गेलं की आठवं जग. जपानमध्ये हे गंमत म्हणून लपवलं असेल. आमच्याकडे लाइन जायच्या आत शेवट गाठायचा तोच एक रस्ता होता.

कॉन्ट्राबद्दल मात्र घाईत लिहिता येणार नाही. घरच्या यंत्रावर तो १९८८ मध्ये आला. दोघं सैनिक, एकाची पँट निळी, दुसऱ्याची लाल. आमच्याकडे दोघंही करडे. पहिल्याच मिनिटात आम्ही एकमेकांत मिसळून जायचो आणि आपला कोणता हे पाहायला उगाच उडी मारून घ्यायची. बंदुकांची खूण अक्षरांची होती, हे आमचं भाग्य. एस म्हणजे पसरणाऱ्या गोळ्या, आणि एस आला की दादा मला ढकलून पुढे जायचा. धबधब्याचा टप्पा वर वर चढायचा असतो. एक जण पुढे गेला की पडदा सरकतो आणि मागे राहिलेला खालून कापला जातो. "थांब ना दादा!" "चाल लवकर, वर ये!" या दोन वाक्यांत आमचं अर्धं बालपण गेलं. त्याचे जीव संपले की बटण दाबून तो माझ्यातले घ्यायचा. ती सोय गेममध्येच होती. मी चिडायची, आणि पुन्हा द्यायचीही, कारण एकटीने पुढे जाण्यात मला काडीचाही रस नव्हता.

तीस जीवांची कळ माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर होती. वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए. दोघांनी खेळायचं तर मग सिलेक्ट आणि नंतर स्टार्ट. परतवाड्याहून सुट्टीत आलेल्या आतेभावाने ती आणली होती आणि बदल्यात माझ्याकडून बोरं घेतली होती. ही कळ काझुहिसा हाशिमोतो या माणसाची. १९८६ मध्ये ग्रेडियस हा गेम घरच्या यंत्रासाठी उतरवताना तो त्याचा त्यालाच फार अवघड जात होता, म्हणून तपासणीसाठी त्याने ती घातली आणि ती तशीच आत राहिली. तो फेब्रुवारी २०२० मध्ये गेला. ती बातमी वाचली त्या दिवशी मी दादाला फोन केला. दोघांनाही कळ तोंडपाठ होती.

एक गोष्ट मात्र आज परत आणता येत नाही, आणि तिचं मला मनापासून वाईट वाटतं. बदकांचा गेम. डक हंटची बंदूक गोळी मारत नाही, ती बघते. चाप ओढला की क्षणभर पडदा काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. नळीतल्या डोळ्याला तो उजेड दिसला तर नेम लागला. हे सगळं जुन्या काचेच्या टीव्हीच्या वेगावर बेतलेलं आहे. एलईडी टीव्हीवर चित्र किंचित उशिरा येतं, तेवढ्यात बंदुकीचं बघून झालेलं असतं. जुन्या डब्याची बंदूक आमच्या माळ्यावर अजून आहे. जुना टीव्ही भंगारात गेला.

आता नव्यांबद्दल. शेंदुरजनाघाटच्या बाजूला आमची संत्र्याच्या कलमांची नर्सरी आहे. बिलांसाठी घेतलेल्या लॅपटॉपवर रात्री मी गेम खेळते. जुन्या धाटणीचे नवे गेम इतके निघतात की सगळ्यांची नावंही माहीत होत नाहीत. त्यातल्या पुष्कळांत नुसते चौकोनी ठिपके असतात. चित्र जुनं दिसतं, आणि उडीचं बटण दाबल्यावर पात्र कुठे पडेल याचा भरवसा नसतो. असे गेम मी अर्ध्या तासात काढून टाकते. जुन्या मारिओत मी मेले तर चूक माझी असायची, हे मला तेव्हाही पटायचं. तेवढा भरवसा नसेल तर बाकीच्या ठिपक्यांचं मी काय करू?

चांगले आहेत ते फारच चांगले आहेत. २०१४ चा शव्हल नाइट घ्या. यॉट क्लब गेम्सच्या लोकांनी फॅमिकॉमच्या घराण्यातले ५४ रंग समोर ठेवले, त्यात थोडेसे आपल्या सोयीने वाढवले. जुन्या यंत्रावर एका आडव्या रेषेत आठच्या वर आकृत्या आल्या की त्या लुकलुकायच्या. ती लुकलुक त्यांनी घेतली नाही. मोजके जीव आणि मग पहिल्यापासून सुरुवात, हेही काढून टाकलं. मेलात तर थोडं धन हवेत तरंगत राहतं, परत जाऊन गोळा करा. वाटेत दिव्यांसारख्या खुणा असतात, मेल्यावर तिथूनच पुन्हा सुरुवात होते. त्या फोडल्या तर धन मिळतं, पण मग मेल्यावर पार मागे जावं लागतं. ठेवायची की फोडायची, ते खेळणाऱ्याने ठरवायचं. मी फोडते.

२०१८ चा सेलेस्ट याहून पुढचा. मॅडी थॉर्सन आणि नोएल बेरी यांच्या या गेममध्ये एक मुलगी डोंगर चढते. कड्यावरून पाऊल सुटल्यानंतरही एका सेकंदाचा अगदी छोटा अंश उडीचं बटण चालतं. खेळणाऱ्याला हे कळतही नाही. त्याला वाटतं, आपण वेळेवर दाबलं. याला कोयोटी टाइम म्हणतात. जुन्या गेममध्ये ही माया बहुधा नसायची, आणि तरी सेलेस्ट सोपा नाही, चांगलाच घाम काढतो. आम्ही नर्सरीत जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरतो. खुंट रानटी, चिवट, आपल्या जमिनीत तग धरणारा. फळ मात्र डोळ्याचं. शव्हल नाइट आणि सेलेस्ट तसे आहेत. मूळ जुनं आहे, पण फळ आजच्या माणसाच्या तोंडाला लागेल असं.

तरीही या दोन्ही गेममध्ये मला आमचं घर सापडलं नाही. ते सापडलं यूएफओ ५० मध्ये.

तो १८ सप्टेंबर २०२४ रोजी आला. स्पेलंकी हा गेम करणारा डेरेक यू आणि त्याचे साथीदार कित्येक वर्षं त्यावर काम करत होते. कल्पना अशी की ऐंशीच्या दशकात यूएफओ सॉफ्ट नावाची एक कंपनी होती, तिचे पन्नास गेम आता सापडलेत. कंपनी खोटी, गेम खरे. पन्नासच्या पन्नास पूर्ण, बत्तीस रंगांत रंगवलेले. उघडलं की यादी येते. न खेळलेल्या गेमवर धूळ असते आणि पहिल्यांदा उघडला की ती झटकली जाते. ती यादी पाहिली आणि मी लॅपटॉपसमोर सरळ होऊन बसले. ही माझी पिवळी कॅसेट होती, आणि या वेळी यादीतलं प्रत्येक नाव खरं होतं.

पहिलाच गेम बार्बुटा. संथ, अंधारा, काही म्हणजे काही न समजावणारा. दिवाळीत दादाची मुलगी चिऊ नागपूरहून आली होती. ती शेजारी बसली आणि थोड्या वेळाने म्हणाली, "आत्या, हे काऊन काहीच सांगत नाही?" मी म्हटलं, "आपणच शोधायचं असते." ती फोनवर उत्तर बघायला निघाली. मी फोन काढून घेतला नाही, फक्त म्हटलं, आधी उजवीकडे काय आहे ते तर पाहू. त्या रात्री आईने तीनदा जेवायला बोलावलं.

मॉर्टोल नावाचा गेम तर मी दादाला फोनवर समजावून सांगितला. सुरुवातीला वीस जीव मिळतात, आणि ते खर्च केल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. एक जीव दगड होतो, एक बाण होऊन भिंतीत रुततो, एक स्फोट होऊन वाट मोकळी करतो. मग पुढच्या जिवाने त्या दगडावर, त्या बाणावर पाय ठेवून पुढे जायचं. किती जीव कुठे घालवायचे, हाच खेळ. दादा बराच वेळ ऐकत होता. मग म्हणाला, "म्हंजे तू धबधब्यावर मरत होती ते कामी आलं असतं." मी म्हटलं, इथे दोघांनी शेजारी बसून खेळायचेही पुष्कळ गेम आहेत, तू ये.

तो आला, दोन दिवस राहिला, आणि आम्ही बुशिडो बॉल खेळलो. तो हरला. बाबा खुर्ची ओढून मागे बसले होते आणि दोघांनाही सूचना देत होते.

याच्या पुढची गोष्ट चिऊची आहे. सेलेस्टची पहिली आवृत्ती थॉर्सन आणि बेरी यांनी पिको-८ नावाच्या साधनावर चार दिवसांत केली होती, हे मी तिला सांगितलं. पिको-८ म्हणजे कुणीतरी मुद्दाम कल्पलेलं लहानसं यंत्र. पडदा १२८ गुणिले १२८ ठिपक्यांचा, सोळा रंग, एका गेमला ३२ किलोबाइटची जागा. शिकणाऱ्यांसाठी त्याची फुकट आवृत्ती ब्राउझरमध्येच चालते. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती नर्सरीत माझ्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसून असायची. सोळा रंगांत नारंगी आहे, हे तिने सगळ्यात आधी पाहून घेतलं.

तिच्या गेममध्ये संत्र्याची बाग आहे आणि रात्री रोही, म्हणजे नीलगाय, येतो. रोह्याला हाकलायचं, पण त्याला लागता कामा नये, हा नियम तिने आजोबांशी वाद घालून ठरवला. बाबांचं म्हणणं होतं, लागला तरी चालेल, त्यांचा एक अख्खा मृग बहार रोह्यांनी नासवला आहे. ती ऐकेना. आता हातात टॉर्च आहे आणि एक पत्र्याचा डबा. डबा वाजवला की रोही पळतो, पण वाजवताना आपल्याला पळता येत नाही. लाइन गेली की टॉर्चपुरतंच दिसतं. लाइन कधी जाईल ते गेम सांगत नाही; ते मी सुचवलं.

सध्या अडचण उडीची आहे. रोही कुंपणावरून उडी मारतो आणि कधी कधी हवेतच अडकून राहतो. चिऊने नागपूरहून फाइल पाठवली आहे, मी रात्री बिलं झाली की ती उघडून बसते. माझ्या मते चूक कुंपणाची उंची तपासणाऱ्या ओळीत आहे. तिला तसं वाटत नाही. रविवारी फोनवर दोघी मिळून बघणार आहोत.